आमच्या आमदारानं काय मत दिलं?

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. गोराईतल्या एका शाळेच्या वर्गात मी मशीनचं बटण दाबलं. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे दिवा लागला आणि चिठ्ठी दिसली. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह होतं. सात सेकंदांनी चिठ्ठी सुटून खाली पेटीत पडली. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "दिसलं का गं नीट? बरोबर गेलं ना?"

दिसलं. बरोबर गेलं.

माझं मत बरोबर गेलं याची खात्री मला सात सेकंद मिळावी म्हणून या देशानं कोर्टकचेऱ्या केल्या, यंत्रं बनवली, कोट्यवधी रुपये खर्च केले. चांगलंच केलं. माझी तक्रार त्यापुढची आहे. त्या मतातून निवडून आलेला माणूस विधानसभेत जातो आणि माझ्या वतीनं कायद्यांवर मतं देतो. ती मतं मला सात सेकंद काय, एक सेकंदही दिसत नाहीत. कारण बहुतेक वेळा ती नोंदवलीच जात नाहीत.

हा लेख एका आमदाराविरुद्ध नाही, एका पक्षाविरुद्धही नाही. तुमच्या मतदारसंघातला आमदार दुसऱ्या कुठल्याही पक्षाचा असला तरी पुढचं सगळं त्याला तसंच लागू पडतं.

*

१० जुलै २०२५ ला महाराष्ट्र विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. सरकारचं म्हणणं असं की शहरी नक्षलवादाला आळा घालायला हा कायदा हवा. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की यातल्या व्याख्या इतक्या सैल आहेत की सरकारला नकोशी वाटणारी कुठलीही संघटना त्यात बसवता येईल. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला, अजामीनपात्र गुन्हे, सात वर्षांपर्यंत कैद, असा हा कायदा आहे. तुम्ही त्याच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, कायदा किरकोळ नाही एवढं तरी आपण मान्य करू.

बातमी वाचली आणि मला साधा प्रश्न पडला: आमच्या बोरिवलीच्या आमदारांनी, संजय उपाध्याय यांनी, काय मत दिलं? ते भाजपचे, विधेयक सरकारचं, म्हणजे बाजूनेच असणार हा अंदाज कुणीही बांधेल. पण मला अंदाज नको होता. नोंद हवी होती.

त्यांची निवडणुकीची माहिती पाच मिनिटांत फोनवर सापडली. सुमारे एक लाख मतांनी विजय. प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, खटले असले-नसले तर तेही. हे सगळं उघड करावंच लागतं, कारण सर्वोच्च न्यायालयानं २००२ आणि २००३ साली तसे निकाल दिले. मुंबईत प्रजा फाउंडेशन दरवर्षी आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं. त्यात हजेरी असते, विचारलेले प्रश्न असतात. मत मात्र कुठेच नसतं. ज्याची नोंदच नाही ते प्रगतिपुस्तकात येणार कुठून?

कारण विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. म्हणजे काय होतं? अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावं. एक गलका होतो. विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. दुसरा गलका होतो. अध्यक्ष कानानं ठरवतात की 'होय'चं बहुमत आहे, आणि विधेयक मंजूर. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी बाहेर चहा पीत होतं, कशाचीच यादी होत नाही.

२८८ आमदारांच्या सभागृहात त्या दिवशी ठाम विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, मार्क्सवादी पक्षाच्या एकुलत्या एका आमदारानं. बाकीच्या विरोधी पक्षांचा आवाज चढला तो दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत सभात्याग करताना आणि नंतर बाहेर आंदोलनं करताना. विधानसभेत मतविभागणी झाली असती तर यातल्या प्रत्येकाला 'होय' किंवा 'नाही' म्हणून सही द्यावी लागली असती, नाहीतर आपलं गप्प बसणं कागदावर आणावं लागलं असतं. आवाजी मतदानानं सगळ्यांची सोय झाली. सरकारची झाली आणि विरोधकांचीही झाली.

या विधेयकावर संयुक्त समितीकडे लोकांच्या १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. लोकांच्या हरकती मोजता आल्या. आमदारांची मतं मोजायला मात्र वेळ नव्हता.

*

आता आमच्या मतदारसंघाचा निवडणुकीचा इतिहास बघा, कारण मुद्दा तिथून जास्त स्पष्ट होतो.

बोरिवलीतून राम नाईक १९७८, १९८० आणि १९८५ असे तीनदा आमदार झाले, मग १९८९ पासून उत्तर मुंबईतून सलग पाचदा खासदार. २००४ साली गोविंदानं त्यांना ४८,२७१ मतांनी हरवलं. २००९ साली संजय निरुपम यांनी ५,७७९ मतांनी. २००४ आणि २००९ मध्ये बोरिवलीचे आमदार गोपाळ शेट्टी होते, ते २०१४ ला खासदार झाले. विधानसभेला २०१४ साली पक्षानं विनोद तावडे यांना आणलं, ते सुमारे ७९ हजारांनी जिंकले. २०१९ ला तावड्यांचं तिकीट कापून सुनील राणे यांना दिलं, ते सुमारे ९५ हजारांनी जिंकले. २०२४ ला राण्यांचं कापून उपाध्यायांना दिलं, आणि मताधिक्य लाखावर गेलं. गोपाळ शेट्टींनी या वेळी बाहेरचा उमेदवार नको म्हणून अपक्ष अर्ज भरला होता, तो मागे घेतला.

तीन निवडणुका, तीन वेगळी माणसं, आणि दर वेळी मताधिक्य वाढतंच गेलं. तिकीट का कापलं? नव्या माणसात जास्त काय होतं? आमच्यापैकी कुणाला पक्षानं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मतदार म्हणून आमच्याकडे तुलना करायला होतं काय? आधीच्या आमदारानं पाच वर्षांत कुठल्या कायद्याला हात वर केला, कुठल्या वेळी तो गैरहजर राहिला, यातलं काहीच नव्हतं. मग उरतं चिन्ह. आम्ही चिन्हाला मत देतो म्हणून आम्हाला नावं ठेवणारे बरेच आहेत. पण ज्या दुकानात मालावर लेबलच नाही तिथे गिऱ्हाईक पाटी बघूनच आत जाणार.

२००९ चा निकाल ५,७७९ मतांनी लागला. एकक स्थानचा नऊसुद्धा आम्हाला माहीत आहे. आमचं मत इतकं काटेकोर मोजतात, आणि त्याच मताच्या जोरावर सभागृहात गेलेल्या माणसाचं मत कानानं!

*

आवाजी मतदान फक्त बिनवादाच्या विधेयकांसाठी असतं असं कुणी म्हणेल. तसं असतं तर हा लेख मी लिहिलाच नसता.

१२ नोव्हेंबर २०१४. देवेंद्र फडणवीसांचं पहिलं सरकार. भाजपकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. शिवसेना तेव्हा विरोधात बसली होती, राष्ट्रवादीनं बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. सरकार टिकणार की नाही हा त्या दिवसाचा एकमेव प्रश्न होता, आणि विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिले, ती झाली नाही. राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी त्या दिवशी नेमकं काय केलं? महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणातला हा एक मोठा प्रश्न आहे, आणि कागदावर त्याचं उत्तर नाही. विदर्भातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या मतदारानं भाजपविरोधात म्हणून घड्याळाला मत दिलं होतं, त्याचं मत त्या दिवशी कुठे गेलं? गलक्यात गेलं.

दहा वर्षांनी, ९ डिसेंबर २०२४ ला, फडणवीसांच्या नव्या सरकारचा विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानानंच मंजूर झाला. या वेळी बहुमत प्रचंड होतं, शंका नव्हती. पण मग मोजायला हरकत काय होती?

आता मोजल्यावर काय होतं ते पाहा. ३ आणि ४ जुलै २०२२, एकनाथ शिंदे सरकार. शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहिला, मोजला गेला. शिवसेनेतून फुटलेले काही जण उभे राहिले तेव्हा समोरून 'ईडी, ईडी' असा ओरडा झाला, तो सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर ऐकला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९.

१०७ चे ९९ कसे झाले? एका रात्रीत विरोधातली आठ मतं कमी झाली. काँग्रेसचे अनेक आमदार वेळेत पोचले नाहीत, दारं बंद झाली. त्यांत माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले. त्या दिवशी उशीर झालेल्यांपैकी काही जण आजही काँग्रेसमध्येच आहेत, तेव्हा उशिराचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. माझा मुद्दा एवढाच की अर्थ लावायला हातात काहीतरी होतं. नाव होतं, तारीख होती, आकडा होता. भोकरच्या मतदाराला प्रश्न विचारता आला असता. हाच ठराव आवाजी मतदानानं झाला असता तर चव्हाण आत होते की बाहेर, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

*

"अगं, पण तुला काय पडलंय?" हे मला आमच्या सोसायटीजवळच्या एका कार्यकर्त्यानं विचारलं. माणूस चांगला आहे. रात्री अकराला ॲम्ब्युलन्स लागली तरी फोन उचलतो. मी म्हटलं, "दादा, तुम्ही इतकी वर्षं पक्षात आहात. साहेबांनी त्या विधेयकावर काय मत दिलं ते मला दाखवता का?" तो हसला. म्हणाला, "विधानसभेत काय चालतं त्यात तू नको पडू. लादी बसली ना गल्लीत? गटार झालं ना? तुला आणखी काय पाहिजे ते सांग, करून देऊ."

लादी बसली हे खरं आहे. मी गोराईत वाढले. लहानपणी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास घरात शिरायचा, आई खिडक्या लावून घ्यायची. २००७ साली ते बंद झालं. गटार, लादी, पाणी यांची किंमत मला कुणी शिकवायला नको.

पण बघा गंमत. मुंबईत कुठेही जा, आमदार-खासदार निधीतून बसवलेल्या बाकड्यावर, शौचालयावर, व्यायामाच्या लोखंडी सांगाड्यावर नाव असतं. 'अमुक यांच्या निधीतून.' जे काम महापालिकेचं आहे त्यावर आमदाराचं नाव मोठ्या अक्षरात, आणि जे काम फक्त आमदारच करू शकतो, म्हणजे कायदा करणं, त्यावर नावच नाही. बाकडं मोडलं तर कुणाला शिव्या द्यायच्या ते मला माहीत आहे. कायदा बिघडला तर माहीत नाही.

आणि सभागृहात चालतं त्याचं गोराईला काही पडलेलं नाही, असं तर मुळीच नाही. खाडीपलीकडच्या गावात माझ्या एका मित्राचं घर आहे. बोटीनं गेलं तर दहा मिनिटं. गोराई, मनोरी, उत्तनच्या त्या पट्ट्यात साधारण वीस वर्षांपूर्वी विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, आणायचा घाट घातला गेला. शेती, मिठागरं, मासे वाळवायच्या जागा, चर्च, गावठाणं, सगळं त्या नकाशात. मित्राचे वडील आणि गावातले कोळी, ईस्ट इंडियन, आगरी असे सगळे रस्त्यावर उतरले. विरोध इतका झाला की तो प्रकल्प काही उभा राहिला नाही.

पण सेझचा कायदा आकाशातून पडला नव्हता. तो २००५ साली संसदेत झाला. तेव्हा उत्तर मुंबईचे खासदार होते गोविंदा. आमच्याच मतांवर गेलेले. ज्या कायद्याच्या आधारानं पुढे आमच्याच जमिनीवर रेघा ओढल्या गेल्या, त्यावर आमच्या खासदारानं 'होय' म्हटलं, 'नाही' म्हटलं, की तो त्या दिवशी तिथे नव्हताच? मित्राच्या वडिलांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "पोरी, आम्ही मोर्चे काढले, कलेक्टरकडे गेलो, सगळीकडे गेलो. पण हे कुणाला विचारायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

*

माझ्या म्हणण्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देता येत नाही, दिलं तर आमदारकी जाते. मग प्रत्येकाचं मत नोंदवून मिळणार काय? पक्षाचं मत तेच त्याचं.

याला माझी तीन उत्तरं आहेत.

एक. सर्वोच्च न्यायालयानं १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात म्हटलं आहे की अपात्रतेची तलवार सरकारचं अस्तित्व ठरवणाऱ्या मतदानापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नांपुरती असावी. रोजच्या प्रत्येक विधेयकावर आमदारानं पक्षाचा शिक्का व्हावं असं कायद्यालाही अपेक्षित नाही. तो शिक्का झालाय तो सवयीनं. आणि ही सवय टिकते, कारण आवाजी मतदानात ती उघडी पडत नाही.

दोन. समजा खरंच सगळे पक्षाचे शिक्के आहेत. मग तेच मला नोंदीत बघायचं आहे. पाच वर्षं, सगळी विधेयकं, एकदाही स्वतःचं मत नाही. असा तक्ता प्रचाराच्या वेळी माझ्या हातात असू द्या. "मी तुमचा आवाज विधानसभेत पोचवीन" असं म्हणणाऱ्या उमेदवाराला मी तो दाखवीन.

तीन. गैरहजेरी. व्हिप मत ठरवतो, पण माणसाला खुर्चीत बसवेलच असं नाही. १०७ चे ९९ तसेच झाले.

आणि पक्षांना स्वतःला नोंद किती महत्त्वाची वाटते ते राज्यसभेच्या निवडणुकीत बघा. तिथे आमदार मत देतात, आणि २००३ पासून नियम असा की मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवायची. इतकी कडक शिस्त की जून २०२२ मध्ये नांदगावचे सुहास कांदे यांचं मत बाद झालं, कारण ती दाखवण्याची पद्धत चुकली. म्हणजे आमदाराचं मत कुणीतरी बघितलं पाहिजे हे तत्त्व आपल्या व्यवस्थेला मान्य आहे. फक्त बघणारा पक्षाचा एजंट हवा, मतदार नको.

आपलं मत गुप्त असतं, ते योग्यच आहे. मालकानं, नवऱ्यानं, गावच्या पुढाऱ्यानं आपल्याला त्रास देऊ नये म्हणून. पण आमदाराचं मत त्याच्या मालकीचं नाही. ते आपण त्याला पाच वर्षांसाठी वापरायला दिलेलं आहे. ज्याला मुखत्यारपत्र दिलं त्यानं कुठे सही केली हे मालकानं विचारू नये, असा व्यवहार तुम्ही घराच्या, जमिनीच्या बाबतीत कराल का?

नोंद ठेवणं अशक्य आहे म्हणावं तर आपल्याच लोकसभेत मतं नोंदवणारी यंत्रणा १९५७ पासून आहे. घटनादुरुस्तीला ठरावीक बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजावंच लागतं. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं तेव्हा विरोधातली दोन नावं देशाला कळली: असदुद्दीन ओवैसी आणि छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांना ती भूमिका बोलून दाखवावी लागली, समर्थन करावं लागलं. पटो न पटो, ते जबाबदारीनं दिलेलं मत होतं. ब्रिटनच्या संसदेत मतविभागणीच्या नावानिशी याद्या १८३६ पासून अधिकृतपणे छापल्या जातात. अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलंय की हजर सदस्यांपैकी एक पंचमांशांनी मागणी केली की प्रत्येकाचं 'हो-नाही' नोंदवायचं. आपल्याकडे मागणी करता येते, पण ती मानायची की नाही हे शेवटी अध्यक्षांवर. आणि बहुतेक वेळा विरोधक मागतच नाहीत, हे त्यांचं पाप.

वेळ जातो म्हणाल, तर खिशातल्या फोनवर आपण सेकंदात पैसे पाठवतो. २८८ माणसांनी एक बटण दाबायला किती वेळ लागेल?

*

माझी मागणी छोटी आहे. विधानसभेत आणि परिषदेत प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावानिशी नोंद व्हावी: होय, नाही, तटस्थ, गैरहजर. ती त्याच दिवशी मराठीत सगळ्यांना फोनवर वाचता यावी. त्यासाठी घटना बदलायला नको, सभागृहानं स्वतःचे नियम बदलले की झालं. अर्थात नियम बदलण्याचा तो ठराव आवाजी मतदानानं फेटाळला गेला तर कुणी फेटाळला हेही आपल्याला कळणार नाही.

म्हणून तोवर तुम्ही एक करा. तुमच्या भागात आमदार येतात. गणपतीला, नवरात्रात, हळदीकुंकवाला, नव्या बाकड्याचं उद्घाटन करायला. पाण्याचं, गटाराचं जरूर बोला. आणि मग एकच प्रश्न विचारा: "साहेब, गेल्या अधिवेशनात कुठल्या विधेयकावर तुम्ही काय मत दिलं?" भांडू नका, व्हिडिओही काढू नका. फक्त विचारा आणि उत्तर ऐका. बहुतेक जण गोंधळतील, कारण हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलेलाच नाही. दहाव्या ठिकाणी तोच प्रश्न आला की ते उत्तर तयार ठेवायला लागतील. आणि उत्तर तयार ठेवायचं म्हटलं की आधी मत द्यावं लागतं.

त्या कार्यकर्ता दादाला मी परवा पुन्हा विचारलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "खरं सांगू? मलाही नाही माहीत. विचारतो."

मी वाट बघतेय.